अण्णांच्या जठराचा तुकडा

रविवारी ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस नसायची, म्हणून वीणा टिपणीसला आठवड्यातला तोच दिवस सगळ्यात जड जायचा. नोएडातल्या त्यांच्या सेक्टरच्या तोंडाशी सायकलरिक्षा, मग दारापर्यंत लोंबकळणाऱ्या माणसांची ब्लू लाइन बस, आश्रमच्या चौकात उतरून दुसरी बस, आणि शेवटी चपलांची धूळ झटकत संस्थेच्या मागच्या दारानं आत. चौकीदार विचारायचा, "मैडम, आज भी?" ती म्हणायची, "आज भी." त्यापलीकडे बोलण्यासारखं दोघांकडे काही उरलेलं नव्हतं.

तिला रविवारी कुणी बोलावलेलं नसायचं. पण प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये, शरीराइतक्याच उबेत, लहान लहान डिशमध्ये तिनं वाढत ठेवलेल्या पेशींना वार कळत नव्हते. एक दिवसाआड त्यांच्यावरचं जुनं गुलाबी पाणी काढून ताजं घालावं लागे. पेशी त्या पाण्यातूनच खायच्या आणि त्यातच घाण करायच्या. एक पाळी चुकली की आठवडाभराची मेहनत गेली. त्या पेशी होत्या माणसाच्या जठराच्या, म्हणजे पोटातल्या पिशवीला आतून जे मऊ, चिकट अस्तर असतं, त्याच्या.

शहाण्णव साल होतं. जठरात घर करणारा एक जिवाणू अल्सरच्या मुळाशी असतो, हे तोवर जगभर मान्य झालं होतं. पण तो भिंतीला चिकटतो कसा, हे बघायचं तर भिंत पाहिजे, आणि जिवंत माणसाच्या पोटात रोज डोकावता येत नाही. म्हणून वीणाचे वरिष्ठ, डॉ. खुल्लर, यांनी योजना मांडली होती: हॉस्पिटलमधून अस्तराचे तुकडे आणायचे, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, डिशच्या तळाला जगवायच्या आणि त्यांच्यावर जिवाणू सोडायचा. कॅन्सरच्या पेशी परदेशातून मागवता येत आणि त्या कशाही वाढत. खुल्लरांना हव्या होत्या निरोगी अस्तराच्या. त्या मात्र जगायला तयार नसत.

कधी इन्क्युबेटर उघडावा तर गुलाबी पाणी पिवळं, गढूळ झालेलं, वर बुरशीचे पांढरे पुंजके. कधी पेशी तळाला चिकटायच्याच नाहीत, नुसत्या तरंगत मरायच्या. आणि चिकटल्याच तर त्यांच्यामागोमाग अस्तराखालच्या दुसऱ्या लांबुळक्या पेशी तणासारख्या माजायच्या आणि सगळी डिश गिळायच्या. दोन वर्षं हे चाललं होतं. खुल्लर सभांमधून "आमचं काम प्रगतिपथावर आहे" असं सांगत, तेव्हा मागच्या रांगेत बसून वीणा डोळ्यांवरची झोप आवरत असे.

तुकडे आणायलाही तीच जायची. संस्थेला लागूनच मोठं हॉस्पिटल होतं. तिथं डॉ. विजयालक्ष्मी दुर्बिणीची नळी घालून लोकांची पोटं तपासत. बर्फ भरलेला थर्मास खांद्याला लावून वीणा बाहेरच्या बाकड्यांवरच्या माणसांपाशी वाकायची आणि नेहमीचंच वाक्य म्हणायची, "जाँच के साथ एक छोटा सा टुकड़ा हमें भी दे देंगे? आपको कोई तकलीफ़ नहीं होगी." बहुतेक लोक नुसती मान हलवत. पानिपतहून आलेला एक चादरी विणणारा मात्र म्हणाला होता, "ले लो बहनजी, पूरा ले लो. इस पेट ने मुझे कौन सा सुख दिया है!" वीणा हसली होती, पण तिच्या लक्षात राहिलं ते त्याचं हसू नव्हे, त्यामागचा थकवा. तो तिला ओळखीचा वाटला होता.

घरी चार माणसं. नवरा सूर्यकांत केंद्र सरकारच्या मंत्रालयात उद्योगांच्या लायसन्सचं काम बघायचा. एक्क्याण्णवनंतर बहुतेक लायसन्सच उठली. टेबल राहिलं, खुर्ची राहिली, काम गेलं. पूर्वी ज्या दारासमोर माणसं ताटकळायची तिथं आता तो दिवसभर पेपर वाचून संध्याकाळी काम करून आल्यापेक्षा जास्त थकून यायचा. मुलगी रुचिरा बारावीत. पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, तरी तिचं अर्धं बोलणं हिंदीत. आणि सूर्यकांतचे वडील, अण्णासाहेब. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांनी सगळं आयुष्य सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवलं होतं. बोटं अजून स्थिर होती, नजर बारीक होती, आणि स्वभाव नकाशावरच्या रेघांसारखाच, इकडची तिकडे न होणारा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून कुटुंब सोसायटीच्या फ्लॅटमध्ये नोएडाला आलं, ते त्यांना कधीच मानवलं नाही. पूर्वी महिन्यातून एकदा बस पकडून ते महाराष्ट्र सरकारच्या दिल्लीतल्या अतिथिगृहात जात, मराठी वर्तमानपत्रं वाचत, ओळखीच्या चार म्हाताऱ्यांशी भांडून येत. नोएडाहून ते बंद झालं. बाल्कनीत बसून ते समोर वाळूच्या ढिगांमधून वर येणाऱ्या इमारती बघायचे आणि म्हणायचे, "इथं जमीन मोजायच्या आधीच घरं उभी राहतात."

सुनेशी त्यांचं वैर नव्हतं, पण फारशी जवळीकही नव्हती. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना ते म्हणत, "आमची सून पोटं पिकवते. सरकारी खर्चानं." लोक हसत. वीणाही हसायची आणि आत जाऊन कुकर लावायची. ती नेमकं काय करते, हे त्यांनी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पुन्हा तेच बोलायला अंगात त्राण कुठून आणायचं?

त्या उन्हाळ्यात अण्णांचं जेवण कमी झालं. आधी रात्रीची पोळी सुटली, मग सकाळची भाजी. "उकाडा आहे, भूक नाही," म्हणायचे. रोज पोटांचेच तुकडे हाताळणाऱ्या वीणाला घरातलं पोट दिसलं नाही. ते रुचिराला दिसलं. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, आजोबांची पँट बघ ना. बेल्टला नवीन भोक पाडलंय त्यांनी. चुपचाप."

वीणानं दुसऱ्याच दिवशी डॉ. विजयालक्ष्मींना गाठलं. ज्या बाकड्यांपाशी ती थर्मास घेऊन वाकायची, त्याच बाकड्यावर अण्णा बेल्ट सावरून ताठ बसले. तपासणीनंतर विजयालक्ष्मी बाहेर आल्या. त्या वीणाला कित्येक वर्षं ओळखत होत्या, म्हणून उगाच घोळवत बसल्या नाहीत. "कैंसर है, नीचे की तरफ़, वीणा. बढ़ा नहीं है ज़्यादा. ऑपरेशन हो जाएगा." वीणानं मान हलवली. तिला आधी काय आठवलं असेल, तर आज गुरुवार, पाणी बदलायचा दिवस. आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

सूर्यकांतला तिनं बसस्टॉपवरच सांगितलं, घरी भिंती पातळ होत्या म्हणून. त्यानं ऐकलं, चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा घातला. "अण्णांना सांगायचं?"

"त्यांना कळलंय. मला विचारत होते, अर्धं काढतात की सगळं."

"तू काय म्हणालीस?"

"अर्ध्याहून जास्त."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्याची गोष्ट. दुपारची लाइट गेली होती. अण्णा बाल्कनीत लुंगी-बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. वीणा पातळ मूगडाळीची खिचडी घेऊन गेली.

"ते कापून काढतात, त्याचं पुढं काय करतात?" त्यांनी विचारलं.

"तपासायला पाठवतात."

"सगळंच?"

"नाही. रोग असतो तो भाग, आणि आजूबाजूचा थोडा. बाकीचं..." ती थांबली. अण्णा कुठं निघालेत, हे तिच्या ध्यानात आलं.

"बाकीचं चांगलं असतं ना? बिनरोगी?"

"हो."

"मग तुला लागतं ना ते? लोकांपुढं हात पसरत फिरतेस. घरचं असताना?"

"अण्णा, नको."

"का? माझं चालत नाही? वय झालं म्हणून?"

वीणानं ताटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. आजवर किती माणसांकडे तिनं तुकडा मागितला होता. त्यातलं कुणी तिच्या हातची खिचडी खात नव्हतं, कुणाचे कपडे ती वाळत घालत नव्हती. मागणं सोपं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. घेणं कठीण होतं.

"विचार करते," ती म्हणाली.

"कर. पण लवकर कर. तुकडा एकदाच निघणार," असं म्हणून अण्णांनी चमचा उचलला, दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली.

सूर्यकांतला हे आवडलं नाही. पण वडिलांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. "ते म्हणतायत तर घे," तो म्हणाला, "फक्त मला त्यातलं काही सांगू नकोस." डॉ. खुल्लर मात्र खूश झाले. एवढा मोठा, ताजा, निरोगी तुकडा त्यांना कधी मिळाला नव्हता. दुर्बिणीतून येणारे तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे असत. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून वीणाला तिथून उठून जावंसं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी वीणा, सूर्यकांत आणि रुचिरा थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात बसले होते. वीणाच्या पायाशी थर्मास होता. सूर्यकांतनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सकाळ सरत आली तेव्हा दार उघडलं आणि सिस्टर स्टीलचं झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आली. "टिपणीस मैडम?"

वीणा उठली. तुकडा थंड औषधी पाण्यात टाकून थर्मासात ठेवला. आता लगबग करायला हवी होती. शरीराबाहेर आलेल्या पेशी वाट पाहत नाहीत. जितका उशीर, तितक्या त्या मरत जातात.

"अण्णा अजून आत आहेत," सूर्यकांत म्हणाला.

"हो. टाके घालायला वेळ लागेल."

"आणि तू निघालीस."

"उशीर झाला तर हे फुकट जाईल."

"जाऊ दे की फुकट!" तो एवढ्या मोठ्यानं बोलला की पलीकडचे लोक वळून बघू लागले. त्यानं आवाज खाली आणला. "वीणा, आत माझे वडील आहेत."

ती थर्मासाचा पट्टा धरून उभी राहिली. बसावं, असं तिला मनापासून वाटलं. नुसतं बाकड्यावर बसावं, भिंतीला डोकं टेकावं, कुणाचंच काही करू नये. पण अण्णांनी दिलेलं तिच्या हातात होतं, आणि ते तिनं सांडलं असतं तर त्यांना काय सांगणार होती? "रुचिरा, बाबांजवळ बस," एवढं म्हणून ती निघाली. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

प्रयोगशाळेत तिनं हात धुतले, तुकडा ताटलीत उलगडला. आतली बाजू वर आली. ओलसर, गुलाबी, घड्याघड्यांची. असे तुकडे तिनं पुष्कळ पाहिले होते. पण ह्याच्यावरून तिच्या हातचं वरण, भात, कोशिंबीर, दिवाळीचे अनारसे, तापातली पेज, सगळं वीस वर्षं गेलं होतं. क्षणभर कात्री हातात तशीच राहिली. मग हातांनी नेहमीचं काम सुरू केलं. अस्तर स्नायूपासून सोडवलं, धुतलं, पुन्हा धुतलं, बारीक बारीक केलं, पेशी सुट्या करणारं पाचक द्रव घालून हलत्या कोमट पाण्यात ठेवलं, गाळलं, डिशमध्ये वाटून घातलं. कामात चूक झाली नाही. थकलेल्या माणसाचे हात कधी कधी डोक्याला न विचारताच चालतात, तसे तिचे चालले.

ती परतली तेव्हा अण्णांना बाहेर आणून बराच वेळ झाला होता. रुचिरा धावत आली. "आजोबा ओके आहेत. डॉक्टर म्हणाले, सब ठीक. तू एवढा वेळ कुठे होतीस यार, आई? बाबा रडत होते." सूर्यकांत अण्णांच्या पलंगाशी बसला होता. त्यानं वीणाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या दिवशी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला, पण पाण्याची बाटली, औषधं, रुचिराचा क्लास, एवढंच. त्या दुपारबद्दल नाही. पुढंही नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

अण्णा हॉस्पिटलात हळूहळू सावरले. उरलेलं पोट मुठीएवढं. त्यात एका वेळी चार घास मावायचे, जास्त झालं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, चक्कर यायची. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. वीणानं सकाळचे डबे भरून ठेवायचे, दुपारचं सूर्यकांतनं अर्धी रजा टाकून हॉस्पिटलात येऊन द्यायचं, संध्याकाळचं पुन्हा तिनं. आणि इकडे डिशमधल्या पेशींची पाळी. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "तेरा चेहरा बिल्कुल उतर गया है." वीणा म्हणाली, "चढ़ा कब था?"

आणि त्याच सुमारास पेशी लागल्या. एका सकाळी तिनं डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तळाला पेशींची बेटं धरली होती. एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, गोलसर कोनाकोनांच्या, फरशी बसवावी तशा. बुरशी नाही, तण नाही. दोन दिवसांनी बेटं पसरून एकमेकांना मिळू लागली. दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते जमलं होतं. वीणाला आनंद झाला, पण तो उड्या मारायला लावणारा नव्हता. ती स्टुलावर बसली आणि तिथंच तिला डुलकी लागली.

"काय म्हणतात माझे लोक?" हॉस्पिटलच्या खाटेवरून अण्णांनी विचारलं.

"धरलंय त्यांनी मूळ."

"बघायचंय मला."

डॉ. खुल्लरांना घाई होती. पेशी जोमात आहेत तोवर जिवाणू सोडा, म्हणत होते. वीणा म्हणाली, "सर, निम्म्या डिश घ्या. निम्म्या राहू द्या. ज्यांच्या आहेत त्यांना बघायच्या आहेत." असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. खुल्लरांनी ते मानलं.

निम्म्या डिशमध्ये जिवाणू तिनं स्वतःच सोडला. घरी जाऊन त्याच अण्णांसाठी ती पाणी उकळून, गाळून, गार करून बाटल्या भरत होती. इथं पिचकारीच्या टोकानं त्यांच्याच पेशींवर रोग घालत होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं काम केलं आणि वह्या आवरून बस पकडली.

घरी सोडायच्या दिवशी तिनं चाकाची खुर्ची मिळवली आणि अण्णांना मागच्या बोळातून संस्थेत नेलं. सूर्यकांत खुर्ची ढकलत होता. दाराशी येऊन तो थांबला. "मी बाहेर थांबतो," म्हणाला.

वीणानं खुर्ची आत टेबलापाशी नेऊन डिश ठेवली. अण्णांनी चष्मा काढला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. वीणाला वाटलं, त्यांना दिसत नसेल. ती फोकसची फिरकी हलवायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"दिसतंय. हे सगळं माझं?"

"हो."

"हद्दी किती स्वच्छ आहेत गं. एकीची दुसरीला लागून, पण मिसळलेली कुठंच नाही." त्यांचं बोट टेबलावर आपोआप रेघ ओढत होतं. "याचा नकाशा काढायचा म्हटलं तर माणूस म्हातारा होईल."

"दर दोन दिवसांनी बदलतो तो."

"मग काढायचाच नाही." त्यांनी डोळा काढला. बसल्या बसल्या त्यांना धाप लागली होती. "आणि तू हे रोज बघतेस?"

"रोज."

"रविवारी यासाठीच येतेस?"

"यांना खाऊ घालायला."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "मला वाटायचं, घरातून सुटका म्हणून जातेस," ते म्हणाले. वीणानं डिश उचलून पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवली. थोडं तेही खरं होतं.

त्यानंतर पेशी फार टिकल्या नाहीत. त्यात कुणाची चूक नव्हती. अशा पेशींचं आयुष्यच तेवढं. आधी कडा विस्कटल्या, मग पेशी फुगून पसरट झाल्या, आत पोकळ्या दिसू लागल्या, आणि एकेक करून त्या तळ सोडून वर तरंगू लागल्या. वीणानं पाणी बदललं, त्यातलं पोषक सीरम वाढवून पाहिलं. शेवटी एका शुक्रवारी सगळ्या डिश जंतुनाशकात बुडवून टाकल्या.

घरी अण्णा रोज विचारायचे. सूर्यकांतनं स्वयंपाकघरात येऊन हलक्या आवाजात सांगितलं, "त्यांना सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेतील. म्हणतील, तिकडं संपलं तसं इकडंही." ऑपरेशननंतर पेशींचा विषय त्यानं पहिल्यांदाच काढला होता. पण वीणाला खोटं सांभाळायचा कंटाळा आला होता. एक गोष्ट लपवायची म्हणजे रोज नवी बातमी रचायची, आणि ती लक्षात ठेवायची. तेवढी ताकद नव्हती.

ती अण्णांना लापशी द्यायला गेली, तेव्हा त्यांनी विचारलंच. "काय म्हणतात?"

"गेल्या, अण्णा. शुक्रवारी."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "सगळ्या?"

"सगळ्या. जगतात तेवढ्याच. पण जे बघायचं होतं ते दिसलं. जिवाणू कसा चिकटतो, त्याचे फोटो निघाले. पहिल्यांदाच."

अण्णा लापशीकडे बघत बसले. दारात सूर्यकांत उभा होता. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे मी त्यांच्याहून चिवट निघालो." आणि चमचा उचलून म्हणाले, "गूळ कमी पडलाय."

ते खरंच चिवट निघाले. डॉक्टर वर्ष-दीड वर्ष धरून चालले होते. अण्णा चार हिवाळे जगले, मुठीएवढ्या पोटावर, दर दोन-अडीच तासांनी चार घास खात. वीणाचं जगणं त्या घासांभोवती बेतलं गेलं. खुल्लरांचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, तिचं नाव दुसरं होतं. पुढच्या वर्षी खुल्लर गुडगावच्या एका औषध कंपनीत गेले. तिथं काचेची इमारत होती, लाइट जात नव्हती, सीरम हवं तेव्हा विमानानं येत होतं. त्यांनी वीणालाही बोलावलं. नोएडाहून गुडगाव म्हणजे दिल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि अण्णांचे डबे. ती नाही म्हणाली. योजना गुंडाळली गेली, तिला रक्ततपासणीच्या विभागात टाकलं. इन्क्युबेटर बंद झाला. रविवार मोकळे झाले, पण पहिल्या कित्येक रविवारी ती पहाटेच जागी व्हायची आणि आता कुठं जायचं नाही हे आठवायला थोडा वेळ लागायचा.

या सगळ्यात एवढं बदललं, की अण्णा तिच्याशी बोलू लागले. फार नाही. घास घेता घेता रक्तात काय काय बघतात, साखर कशी मोजतात, असं विचारायचे. पाहुण्यांपुढं "पोटं पिकवते" म्हणणं त्यांनी सोडून दिलं. कुणी विचारलं तर नुसतं म्हणायचे, "संशोधन करते."

दोन हजार सालच्या जानेवारीत, दाट धुक्याच्या दिवसांत, त्यांच्या छातीत कफ धरला आणि आठवड्याभरात ते गेले. पोटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वीणा आणि सूर्यकांत अण्णांच्या पेन्शनचं काम आटपून दुपारच्या बसनं घरी निघाले होते. निजामुद्दीनच्या पुलावर बस अडकली. पुढं काही दिसत नव्हतं, मागं हॉर्न वाजत होते. खाली यमुना असेल, पण धुक्यात तीही नव्हती. सूर्यकांत खिडकीला डोकं टेकून बसला होता.

"त्या दिवशी तू गेलीस," तो एकदम म्हणाला.

कोणत्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती.

"हो."

"मला राग आला होता. पुष्कळ वर्षं होता."

"माहीत आहे मला."

"तुकड्याचा नव्हता गं." तो काचेवरचं बाष्प बोटानं पुसत राहिला. "मला एकट्याला तिथं बसायची भीती वाटत होती. तेवढंच होतं. पण ते म्हणता येईना, म्हणून राग आला."

वीणानं मांडीवरचे पेन्शनचे कागद पिशवीत घातले. मग म्हणाली, "मलाही बसायचं होतं हो. इतकं बसायचं होतं. पण बसले असते तर रडले असते, आणि मग दोघांना कुणी उठवलं असतं?"

तो हसला नाही, पण त्याचा खांदा सैल होऊन तिच्या खांद्याला टेकला. तिनं तो टेकू दिला. कंडक्टर खाली उतरून पुढच्या ड्रायव्हरशी भांडत होता. बसमध्ये गरम हवा कोंडली होती. बऱ्याच वेळानं बस हलली, तेव्हा दोघांनाही गाढ झोप लागली होती. जाग आली तर त्यांचा सेक्टर मागं पडला होता. पुढच्या स्टॉपवर उतरून, रिक्षा मिळेना म्हणून, ते धुक्यातून चालत परत आले, मध्ये दोनदा थांबून.